कॅल्शियम ॲल्युमिनेट: सिमेंटमधला उतावळा घटक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिमेंटबद्दल बोलताना सगळं श्रेय सिलिकेटला (चुना आणि सिलिकाच्या संयुगांना) जातं, आणि ते बरोबरच आहे. ताकद तेच देतात. पण माल हातातून निसटून आधीच धरला (आखडून घट्ट झाला), खारट जमिनीतला पाया फुगला, किंवा नवं रसायन घातल्यावर स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) अर्ध्या तासात पडला, की चौकशी शेवटी ॲल्युमिनेटपाशी येऊन थांबते. काँक्रीटच्या प्रयोगशाळेत बसून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कॅल्शियम ॲल्युमिनेट म्हणजे नेमकं काय?

चुना आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) एकत्र भाजले की तयार होणाऱ्या संयुगांचं हे कुटुंब आहे. सिमेंटवाले लांबलचक सूत्रं लिहीत नाहीत. कॅल्शियम ऑक्साइडला 'सी', ॲल्युमिनाला 'ए', सिलिकाला 'एस', लोहाच्या ऑक्साइडला 'एफ' आणि पाण्याला 'एच' अशी त्यांची लघुलिपी आहे. अक्षरामागचा आकडा त्या घटकाचे भाग सांगतो: सी३ए म्हणजे तीन भाग चुना, एक भाग ॲल्युमिना. इथला 'सी' म्हणजे कार्बन नव्हे. रसायनशास्त्राचे विद्यार्थी पहिल्या दिवशी इथेच अडखळतात.

या लिपीत कुटुंबातले सदस्य असे: सी३ए, सी१२ए७, सीए, सीए२ आणि सीए६. डावीकडून उजवीकडे जाताना चुना कमी होतो, ॲल्युमिना वाढतो, आणि तसतसा पाण्याशी होणाऱ्या झटापटीचा जोर ओसरतो. सी३ए आणि सी१२ए७ पाणी दिसताच तुटून पडतात, सीए जरा दमानं घेतो, सीए२ रेंगाळतो आणि सीए६ पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. उष्णता सहन करण्याच्या बाबतीत मात्र सीए६ सगळ्यांच्या पुढे आहे. हा एक क्रम डोक्यात बसला की पुढची निम्मी उत्तरं आपोआप सुचतात.

नेहमीच्या सिमेंटमध्ये यातलं कोण असतं?

पोर्टलँड सिमेंटमध्ये फक्त सी३ए, साधारण ५ ते १० टक्के. त्याच्या जोडीला सी४एएफ नावाचा लोहयुक्त भाऊ असतो. तो वागतो सी३ए सारखाच, पण मंद. सिमेंटचा करडा रंग मुख्यतः त्याच्यामुळे येतो.

सी३ए इतका त्रास देतो, तर मुळात ठेवायचाच कशाला?

कारण त्याच्याशिवाय भट्टी नीट चालत नाही. क्लिंकरमधला (भट्टीतून निघणाऱ्या, अजून न दळलेल्या सिमेंटच्या गोट्यांतला) सर्वांत महत्त्वाचा घटक सी३एस, म्हणजे ताकद देणारं मुख्य सिलिकेट. घन चुना आणि घन सिलिकेट नुसते शेजारी ठेवून तो बनायला फार वेळ आणि फार जास्त तापमान लागेल. ॲल्युमिना आणि लोह असले की साधारण १३४० अंश सेल्सिअसच्या आसपास थोडा भाग वितळतो. त्या रसात चुना विरघळतो, सिलिकेटपर्यंत पोहोचतो आणि १४५० अंशांपर्यंत सी३एस तयार होतो. क्लिंकर थंड होताना हाच रस गोठतो आणि सी३ए व सी४एएफ म्हणून सिलिकेटच्या कणांमधल्या फटींत बसतो.

म्हणजे सी३ए हा भट्टीत कामाला आलेला आणि काम संपल्यावरही घरातच राहिलेला पाहुणा आहे. त्याला हाकलता येत नाही, सांभाळून घ्यावं लागतं.

सिमेंटमध्ये सी३ए किती आहे हे कसं काढतात?

१९२९ मध्ये रॉबर्ट बोग यांनी दिलेलं गणित आजही चाचणी अहवालांत वापरतात. ॲल्युमिनाच्या टक्केवारीला २.६५० ने गुणायचं आणि त्यातून लोहाच्या ऑक्साइडची टक्केवारी गुणिले १.६९२ वजा करायची.

समजा ॲल्युमिना ५.० आणि लोह ३.० टक्के आहे. १३.२५ वजा ५.०८, म्हणजे सी३ए सुमारे ८.२ टक्के. आता ॲल्युमिना तेवढाच ठेवून लोह ४.५ केलं, तर उत्तर येतं ५.६. लोह थोडं ॲल्युमिना सी४एएफमध्ये ओढून घेतं, म्हणून सी३ए घटतो. कमी सी३एचं सिमेंट हवं असेल तर कारखाना कच्च्या मालात लोह वाढवतो, त्यामागचं कारण हे. पांढऱ्या सिमेंटमध्ये लोह जवळपास नसतंच, त्यामुळे तिथे सी३ए सहसा जास्त भरतो.

एक सावधगिरी मात्र हवी. भट्टीत सगळं शेवटपर्यंत समतोलात गेलं, हे बोग गृहीत धरतात. तसं खरोखर होत नाही. एक्स-रे विवर्तनाने मोजलेला आकडा आणि बोगचा आकडा यांत एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडला तर दचकू नये.

क्लिंकर दळताना थोडं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घालतात. ते घातलंच नाही तर काय होईल?

प्रयोगशाळेत भट्टीवर बनवलेल्या शुद्ध सी३एची चमचाभर पूड मी एकदा बशीत घेऊन त्यात पाणी ओतलं होतं. ढवळायला सुरुवात केली तेवढ्यात बशी हाताला चटका देऊ लागली, वाफ निघाली आणि चमचा त्या गोळ्यात उभाच्या उभा अडकून राहिला. मिनिटही झालं नव्हतं. तो चमचा नंतर फेकूनच द्यावा लागला.

रसायन असं: सी३ए पाण्यात विरघळतो आणि आधी सी४एएच१९ व सी२एएच८ यांचे पातळ षट्कोनी पत्रे तयार होतात. पत्त्यांच्या घरासारखे ते एकमेकांत अडकतात आणि माल आखडतो. हे पत्रे टिकाऊ नसतात. ते पुढे सी३एएच६ या घनाकार स्फटिकात बदलतात. शिवाय सी३एच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ८६० ज्यूल उष्णता बाहेर पडते. तुलनेला सी३एस ५०० च्या आसपास आणि दुसरं सिलिकेट सी२एस २६० च्या आसपास देतो. माल झटक्यात धरतो तो असा. त्यात आणखी पाणी घालून काही साधत नाही, आणि सिलिकेटचं काम सुरू होण्याआधीच सगळा ढाचा आखडून बसल्यामुळे पुढची ताकदही धड येत नाही.

मग जिप्सम नेमकं काय करतं?

सी३ए, जिप्सम आणि पाणी यांतून एट्रिंजाइट बनतं. एका रेणूमागे तीन जिप्सम आणि सव्वीस पाणी. सुयांसारखे बारीक स्फटिक असतात ते. एट्रिंजाइटच्या वजनाचा सुमारे ४६ टक्के भाग नुसतं पाणी असतं. दगडात साठवलेलं पाणी म्हटलं तरी चालेल.

जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की एट्रिंजाइटचा थर सी३एच्या कणाभोवती गुंडाळला जातो आणि पाणी आत जाऊ देत नाही. ऐकायला छान वाटतं, पण त्या सुयांचं जाळं इतकं विरळ असतं की ते पाणी अडवेल यावर विश्वास बसत नाही. आता अभ्यासकांचा कल दुसरीकडे आहे: द्रावणातले कॅल्शियम आणि सल्फेट आयन सी३एच्या पृष्ठभागावर जिथून विरघळणं सुरू होतं नेमक्या त्या जागा अडवून बसतात. मलाही हे स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण सल्फेट संपताच सी३ए लगेच उसळतो. थर हेच कारण असतं तर तो इतक्या तत्परतेने उसळला नसता.

आता जरा हिशोब करू. १०० किलो सिमेंटमध्ये ८ किलो सी३ए आहे असं धरा. तो सगळाच्या सगळा एट्रिंजाइटमध्ये जायचा तर १५ किलोंहून जास्त जिप्सम लागेल. प्रत्यक्षात घालतात ४-५ किलो. म्हणजे जिप्सम आधी संपणार हे ठरलेलंच आहे. ते संपलं की उरलेला सी३ए आधी झालेल्या एट्रिंजाइटलाच खायला लागतो आणि त्यातून मोनोसल्फेट तयार होतं. पक्क्या झालेल्या काँक्रीटमध्ये हे मोनोसल्फेट निमूटपणे पडून असतं. त्याचा पत्ता लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माल लगेच धरला, पण पुन्हा ढवळल्यावर सैल झाला. हेही सी३एचंच काम?

नाही, इथे सी३ए निर्दोष आहे. गिरणीत क्लिंकर दळताना फार उष्णता झाली तर जिप्समचं पाणी उडतं आणि त्याचं अर्धजलयुक्त रूप बनतं, म्हणजेच प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी मिळताच ते पुन्हा जिप्सम होऊन आखडतं. हे खोटं धरणं. ओळखायचं कसं? माल गरम होत नाही, आणि जादा पाणी न घालता नुसतं ढवळलं की पूर्ववत होतो. खऱ्या झटक्यात मात्र घमेलं तापतं आणि ढवळून काही होत नाही.

खारट जमिनीत किंवा सल्फेटच्या पाण्यात काँक्रीट का फुटतं?

आता त्या मोनोसल्फेटकडे या. बाहेरून सल्फेट झिरपत आत आलं की मोनोसल्फेट ते घेऊन परत एट्रिंजाइट होऊ लागतं. हेच एट्रिंजाइट पहिल्या काही तासांत झालं तेव्हा माल मऊ होता, सुयांना पसरायला जागा होती. आता चहूबाजूंनी पक्का दगड आहे. बारीक छिद्रांत स्फटिक वाढताना भिंतींवर दाब येतो, काँक्रीट फुगतं, तडे जातात, आणि त्या तड्यांतून आणखी सल्फेट आत शिरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या स्फटिकाला 'सिमेंटचा जीवाणू' असं नाव पडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या दांड्यांसारख्या आकारावरून.

पहिल्या तासांतलं एट्रिंजाइट राखणदार असतं आणि तेच दहा वर्षांनी चोर होतं. स्फटिक एकच, रचनाही तीच. फरक फक्त तो कधी आणि कुठे वाढतो याचा. कॅल्शियम ॲल्युमिनेटचं सगळं रसायन मला याच एका वाक्यात दिसतं.

उपाय म्हणून सी३एवर मर्यादा घालतात. अमेरिकी मानकात मध्यम प्रतिकाराच्या 'टाइप टू' सिमेंटला ८ टक्के आणि उच्च प्रतिकाराच्या 'टाइप फाइव'ला ५ टक्के कमाल मर्यादा आहे. पण नुसत्या सिमेंटच्या प्रकारावर भिस्त ठेवू नका. पाणी-सिमेंट प्रमाण ०.६० असलेल्या सच्छिद्र काँक्रीटला कमी सी३ए वाचवू शकत नाही. मॅग्नेशियम सल्फेट असेल तर ते सिलिकेटच्या जेलवरही (सिलिकेट आणि पाण्यातून बनलेल्या, ताकद देणाऱ्या पदार्थावरही) हल्ला करतं, आणि तिथे सी३ए कमी असण्याचा उपयोग तोकडा पडतो.

मग सगळीकडेच कमी सी३एचं सिमेंट वापरावं का?

नको. समुद्राकाठी मोठा शत्रू क्लोराइड असतो, कारण सळई गंजते ती त्याच्यामुळे. आणि क्लोराइडला पकडून ठेवणारा घटक म्हणजे ॲल्युमिनेट. त्यातून फ्रिडेलचं मीठ नावाचा स्फटिक बनतो आणि तेवढं क्लोराइड सळईपर्यंत पोहोचत नाही. सी३ए कमी केला की हे जाळंही विरळ होतं. जिथे सल्फेट आणि क्लोराइड दोन्ही आहेत तिथे मधल्या पातळीचा सी३ए आणि त्याच्या जोडीला स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय ॲश (कोळशाची राख) घेऊन काँक्रीट घट्ट करणं, हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. 'सल्फेटरोधक' हा शब्द पोत्यावर वाचून निर्धास्त झालेले लोक मी बरेच पाहिलेत.

बाहेरून सल्फेट आलंच नाही, तरी एट्रिंजाइटने तडे जाऊ शकतात?

जाऊ शकतात. वाफेवर पिकवलेल्या कारखानी तुकड्यांत किंवा फार जाड ओतकामात सुरुवातीलाच तापमान ७० अंशांच्या वर गेलं, तर एट्रिंजाइट टिकत नाही. त्यातलं सल्फेट सिलिकेटच्या जेलमध्ये लपून बसतं. पुढे काँक्रीट थंड होतं, वर्षानुवर्षं ओलं राहतं, आणि ते सल्फेट हळूहळू बाहेर येऊन पक्क्या दगडात एट्रिंजाइट घडवतं. याला उशिरा होणारं एट्रिंजाइट म्हणतात. एकदा सुरू झालं की औषध नाही. म्हणून पहिल्या दिवशी थर्मामीटरवर डोळा ठेवणं एवढंच हातात असतं.

सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात माल सैल ठेवणारं रसायन) घातल्यावर स्लंप एकदम पडतो. सिमेंट वाईट की रसायन वाईट?

बहुतेक वेळा दोन्ही चांगले असतात, जोडी वाईट असते. नॅप्थलीनच्या जातीची रसायनं पाणी पडताच सी३ए आणि त्याच्या पहिल्या उत्पादनांवर चिकटतात. सी३ए त्या रसायनाचा मोठा वाटा गिळून टाकतो, मग सिलिकेटच्या कणांना सैल ठेवायला फारसं काही उरत नाही. अशा वेळी रसायन मिक्सरमध्ये पाण्याबरोबर न घालता एक-दोन मिनिटं थांबून घालून पाहा. तोवर सी३एवर सल्फेटने ताबा घेतलेला असतो. इतकी साधी युक्ती, पण पुष्कळदा चालते.

दुसरी शक्यता म्हणजे सल्फेटची तूट. सिमेंटमधलं जिप्सम नुसत्या सिमेंटच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. रसायनं, उन्हाळा आणि बारीक दळण यांनी सी३एची भूक वाढली की ते वेळेआधी संपतं. उष्णतामापीवर (माल कधी किती उष्णता सोडतो याचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर) हे फार छान दिसतं: निरोगी सिमेंटमध्ये आधी सिलिकेटचा मोठा उंचवटा येतो आणि त्यानंतर, सल्फेट संपल्यावर, ॲल्युमिनेटचा छोटा खांदा. तुटीच्या सिमेंटमध्ये ॲल्युमिनेटचा सुळका पुढे घुसतो आणि सिलिकेट मागे दबून राहतं. असा आलेख आला की एक दिवसाची ताकद पडलेली असणारच.

चुनखडीची पूड सिमेंटमध्ये घालणं म्हणजे भेसळ नाही का?

प्रमाणात घातली तर नाही. चुनखडी नुसती भर म्हणून पडून राहत नाही. तिचा थोडा भाग ॲल्युमिनेटशी जोडला जाऊन कार्बोॲल्युमिनेट बनतं. त्यामुळे एट्रिंजाइटला मोनोसल्फेटमध्ये मोडावं लागत नाही. एट्रिंजाइट जागा जास्त व्यापतं, म्हणून छिद्रं कमी होतात.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर वापरून एलसी३ नावाचं सिमेंट पुढे आलं: सुमारे ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. भाजलेल्या मातीतून भरपूर ॲल्युमिना मिळतो आणि चुनखडी त्याला कामाला लावते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या कॅरेन स्क्रिव्हनर यांच्या गटाने, क्यूबा आणि भारतातल्या संशोधकांबरोबर, यावर मोठं काम केलं आहे. अर्धं क्लिंकर वाचतं म्हणजे कार्बनही त्या मानाने वाचतो.

हाय ॲल्युमिना सिमेंट म्हणजे सी३ए जास्त असलेलं सिमेंट?

हा गैरसमज सर्रास आढळतो. हाय ॲल्युमिना सिमेंट, म्हणजेच कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट, हे वेगळंच आहे. त्यात मुख्य घटक सीए असतो, सिलिकेट नावापुरतं. चुनखडी आणि बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) एकत्र वितळवून ते बनवतात. नेहमीच्या काळपट प्रकारात ॲल्युमिना ४० टक्क्यांच्या आसपास असतो, भट्ट्यांसाठीच्या पांढऱ्या प्रकारांत ७० ते ८० टक्के.

फ्रान्समध्ये सल्फेटच्या पाण्यात पोर्टलँड सिमेंटची कामं खराब होत होती, त्यावर तोड शोधताना जूल बिए यांनी ते लाफार्ज या सिमेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत घडवलं. पेटंट १९०८ चं. 'सिमाँ फोंद्यू' म्हणजे वितळवलेलं सिमेंट, हे त्याचं नाव रूढ झालं. पहिल्या महायुद्धात तोफांच्या बैठकींसाठी ते वापरलं गेलं, कारण एका दिवसात पक्कं होणारं दुसरं काही हाताशी नव्हतं.

ते लगेच धरतं का?

नाही. धरायला त्याला पोर्टलँडइतकाच वेळ लागतो, कधी थोडा जास्तच. पण एकदा धरलं की सुसाट सुटतं: २४ तासांत अंतिम ताकदीच्या सुमारे ८० टक्के. त्या एका दिवसात उष्णताही सगळी एकदम बाहेर पडते, म्हणून फर्मा वेळेवर काढून भरपूर पाणी मारावं लागतं.

त्याच्या 'रूपांतराबद्दल' इतकी भीती का?

कारण या सिमेंटची पहिली रूपं टिकाऊ नसतात. सीए पाण्याशी काय बनवतो हे तापमानावर ठरतं. थंडीत, साधारण १५ अंशांखाली, सीएएच१० बनतं. २० ते ३० च्या दरम्यान सी२एएच८ आणि ॲल्युमिनाचं हायड्रेट. त्याहून गरम असेल तर थेट सी३एएच६ आणि ॲल्युमिनाचं हायड्रेट. यांतलं शेवटचंच खरं स्थिर. बाकीची दोन आज ना उद्या तिकडेच जाणार. थंड आणि कोरड्या जागी वर्षं लागतील, ५० अंशांच्या ओलाव्यात थोडे दिवस पुरतील.

बदलताना घटतं काय ते आकड्यांत पाहा. सीएएच१० ची घनता १.७२, सी३एएच६ ची २.५२, ॲल्युमिनाच्या हायड्रेटची सुमारे २.४२. तीन रेणू सीएएच१०, वजन १०१४ ग्रॅम, जागा व्यापतात सुमारे ५९० घन सेंटिमीटर. त्यांचं रूपांतर झाल्यावर ३७८ ग्रॅम सी३एएच६, ३१२ ग्रॅम ॲल्युमिनाचं हायड्रेट आणि ३२४ ग्रॅम सुटं पाणी उरतं. घन भागाची जागा आता फक्त २८० घन सेंटिमीटरच्या आसपास. बाकीची सगळी छिद्रं. ताकद घसरते ती या रिकाम्या जागेमुळे.

यात एक सुटकेची वाटही आहे. सुटं झालेलं पाणी आत दडलेल्या, अजून न भिजलेल्या सिमेंटला मिळतं आणि छिद्रं पुन्हा थोडी भरतात. मात्र त्यासाठी न भिजलेलं सिमेंट शिल्लक असायला हवं, म्हणजे सुरुवातीचं पाणी कमी हवं. एकूण पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या खाली ठेवा, हा नियम इथून आला.

छपरं कोसळल्याचं ऐकलं होतं, ते खरं का?

खरं आहे. ब्रिटनमध्ये जून १९७३ मध्ये लंडनच्या कॅम्डन भागातल्या मुलींच्या शाळेच्या सभागृहाचं छप्पर कोसळलं, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये स्टेपनीतल्या शाळेच्या पोहण्याच्या तलावाचं. दोन्हीकडे या सिमेंटच्या तयार तुळया होत्या. नंतरच्या तपासात कॅम्डनला तुळयांचा टेकू अपुरा असणं हे मोठं कारण निघालं, तर स्टेपनीला रूपांतर झालेल्या काँक्रीटवर सल्फेटचा हल्ला झाला होता. तरी बोलबाला सिमेंटचाच झाला आणि इमारतींच्या सांगाड्यातून त्याची हकालपट्टी झाली. स्पेनमध्ये १९९० साली बार्सिलोनातल्या तुरो दे ला पेइरा वस्तीतली इमारत पडल्यावर 'आलुमिनोसिस' हा शब्द घराघरांत पोहोचला.

माझं मत विचाराल तर चूक सिमेंटइतकीच हिशोबाची होती. चोवीस तासांची ताकद हीच कायमची ताकद मानून तुळया आखल्या. रूपांतरानंतरची ताकद धरून आखल्या असत्या तर आज चित्र वेगळं असतं. आता या सिमेंटची चाचणी घेताना नमुना मुद्दाम ३८ अंशांच्या पाण्यात ठेवून रूपांतर घडवतात आणि जी किमान ताकद उरते तीच हिशोबात घेतात.

मग ते आज कुठे वापरतात?

सर्वांत जास्त भट्ट्यांच्या अस्तरात. पोर्टलँड सिमेंट तापवलं की त्यातलं चुन्याचं हायड्रेट फुटून मोकळा चुना होतो. थंड झाल्यावर तो हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि अस्तर भुगा होतं. ॲल्युमिनेट सिमेंटमध्ये हे हायड्रेट नसतंच. तापवताना त्याचं पाणी निघून जातं, मधल्या टप्प्यात ताकद घसरते, आणि १००० अंशांच्या वर कण एकमेकांना भाजून चिकटतात. पहिल्यांदा तापवताना घाई करू नये. आतली वाफ कोंडली तर अस्तर स्फोट झाल्यासारखं उडतं.

दुसरी जागा सांडपाण्याच्या नळ्या. तिथे जीवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाम्ल बनवतात. पोर्टलँडचा चुना त्यात सहज विरघळतो, पण ॲल्युमिनाचं हायड्रेट पीएच ४ च्या आसपासपर्यंत तग धरतं.

पोर्टलँड आणि ॲल्युमिनेट सिमेंट एकत्र केलं तर?

चुकून केलं तर फजिती. काही प्रमाणांत माल मिनिटांत धरतो. आदल्या कामाचं पोर्टलँड मिक्सरच्या पात्याला चिकटलेलं असलं तरी फरक पडतो, म्हणून यंत्र घासून धुवावं. मुद्दाम आणि मोजून केलं तर मात्र हीच खोड उपयोगी पडते: फरशीखालचे स्वतःहून सपाट होणारे थर, लवकर कोरडे होणारे टाइल चिकटवायचे मसाले यांत पोर्टलँड, ॲल्युमिनेट आणि कॅल्शियम सल्फेट तिन्ही असतात. आकसणं आणि फुगणं एकमेकांना झाकतात, आणि एट्रिंजाइट पाणी शोषून घेतं म्हणून फरशी लवकर कोरडी होते. वेग वाढवायला लिथियम कार्बोनेट, थोपवायला सिट्रिक किंवा टार्टारिक आम्ल.

सल्फोॲल्युमिनेट सिमेंट हे याच कुटुंबातलं?

हो. त्यातला मुख्य घटक यीलिमाइट, म्हणजे ॲल्युमिनेटच्या सांगाड्यात सल्फेट बसवलेलं. १९६० च्या दशकात अलेक्झांडर क्लाइन यांनी ते सिमेंटचं आकसणं भरून काढायला वापरलं, आणि १९७० च्या दशकापासून चीनमध्ये त्याचं उत्पादन वाढलं. ते १२५० अंशांच्या आसपास भाजतं, आणि चुनखडी कमी लागते. नुसत्या चुनखडीतून निघणाऱ्या वायूचा हिशोब केला तर एक किलो सी३एस बनवताना ५८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, एक किलो सीए बनवताना २८० च्या आत, आणि यीलिमाइटला सुमारे २२०. अडचण कच्च्या मालाची: बॉक्साइट महाग आहे आणि ॲल्युमिनियमच्या उद्योगालाही तोच हवा असतो.

सी१२ए७ बद्दल सिमेंटच्या बाहेरही इतकं का बोललं जातं?

त्याच्या स्फटिकात सूक्ष्म पिंजरे असतात आणि त्यांत काही ऑक्सिजन आयन सैलपणे अडकलेले असतात. टोकियोतल्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००३ मध्ये ते आयन काढून त्यांच्या जागी नुसते इलेक्ट्रॉन बसवले, आणि वीज न वाहणारं हे सिमेंटचं संयुग वीज वाहू लागलं. पुढे अमोनिया बनवणाऱ्या उत्प्रेरकाचा आधार म्हणूनही ते वापरून पाहिलं गेलं.

निसर्गात सापडणाऱ्या सी१२ए७ ला मायेनाइट म्हणतात, जर्मनीतल्या मायेन गावावरून. मायेनजवळच्या एट्रिंजन गावातून १८७४ मध्ये लेहमान यांनी एट्रिंजाइटचं वर्णन केलं होतं. दोन्ही खनिजं बेलरबर्ग या जुन्या ज्वालामुखीतली. लाव्हारसात सापडलेले चुनखडीचे तुकडे तिथे भाजून निघाले होते. क्लिंकरच्या भट्टीत घडतं तेच, फक्त माणसाच्या कितीतरी आधी.